आप्पांची बिनचुलीची मिठाई

मी आजवर जेवढं वाईट गोड खाल्लंय, ते सगळं निपाणीत खाल्लंय आणि एकाच माणसाच्या हातचं खाल्लंय. हा माणूस म्हणजे माझे घरमालक. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण ते अजून ठणठणीत आहेत आणि छापलेला प्रत्येक कागद वाचतात, भेळेचासुद्धा. गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. मीही आप्पाच म्हणते.

मी मूळची बेळगावच्या वडगावची. आमच्या घरी माग. मागाच्या खडखडाटात वाढल्यामुळं माझा आवाज मोठा आहे, शाळेत तो उपयोगी पडतो आणि इतरत्र भांडणाला कारण होतो. निपाणीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आप्पांच्या माडीवरची खोली मिळाली. खोली दाखवताना आप्पा दारातच थांबले, माझ्याकडं बघून नाक वर केलं आणि म्हणाले, "कांदाभजी. बसस्टँडवरची." मी खरंच खाऊन आले होते. म्हटलं, गेली खोली हातची. जैनाचं घर, आणि कांद्याचा वास मालकाच्या नाकापर्यंत पोचला! तर आप्पा म्हणाले, "खा बाई, तुझं पोट, तुझी भजी. फकस्त जिन्यात उभी राहून ढेकर देऊ नको."

हे नाक तंबाखूनं घडवलेलं. आप्पांनी सगळं आयुष्य तंबाखूच्या व्यापारात काढलं. पान नाकाशी धरायचं आणि शेत कुठल्या अंगाचं, पाऊस कधी लागला, वाळवणाऱ्यानं आळस केला की नाही, ते सांगायचं. स्वतः मात्र जन्मात चिमूटभर तोंडात टाकला नाही. "इकलं तेवढं पाप पुरं, खाऊन आनि कशाला वाढवू?" म्हणायचे. धंदा सुटला, नाक सुटलं नाही. पेपर आला की आधी वास घ्यायचे, मग बातम्या. पोस्टातून आलेलं लग्नाचं आमंत्रणसुद्धा हुंगून सांगायचे की जेवणाचा आचारी चांगला असणार का नाही. ते कसं कळायचं, देव जाणे. पण बऱ्याचदा खरं निघायचं.

आणि गोड! अरे देवा. साखरेची गोळी चालू होऊन कैक वर्षं झाली होती, पण गोडाचं नाव काढलं की आप्पांचे डोळे लहान पोरासारखे व्हायचे. त्यांच्या बायको, त्यांना सगळे आक्का म्हणत, होत्या तोवर घरातल्या गोडाला कुलूप होतं आणि किल्ली आक्कांच्या कमरेला. मग आप्पांना बेळगावात कोर्टाचं काम निघायचं. कोर्टात त्यांची एकही केस नव्हती. एसटीनं जायचे, दुकानासमोर उभे राहून कुंदा, म्हणजे तिथली दूध आटवून केलेली मिठाई, खायचे आणि भोळा चेहरा करून परत यायचे. आक्का दारातच विचारायच्या, "काय म्हणतंय कोर्ट? मिशीत खवा अडकलाय, तो पुसा आधी."

आक्का गेल्या, आणि कुलूपही गेलं. ते कुलूप किती मोठं होतं ते आप्पांना तेव्हा कळलं. दोन महिने त्यांनी गोडाला हात लावला नाही. मग एक दिवस दुधाचं पातेलं गॅसवर चढवलं. आक्का सणाला करायच्या तसा कुंदा आपणच करायचा, असं मनात आलं म्हणे. दूध आटत आलं, तेवढ्यात समोरच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, घंटा वाजली. आप्पा उठले आणि दर्शनाला गेले. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस चालूच. मी शाळेतून आले तर जिन्यातच वास. मी धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, आणि अंगणात येऊन मटकन बसले. आणि ज्या माणसाला माझी भजी बसस्टँडवरची कळतात तो दर्शनाहून येऊन ओसरीवर पेपर वाचत बसलेला, त्याला काही कळलं नाही, कारण त्या दिवशी नेमकी आप्पांना सर्दी झालेली!

दुसऱ्याच दिवशी आप्पांची मुलगी बेळगावहून आली. एकुलती एक. कॅम्पात राहते, नवरा लष्कराच्या कचेरीत कारकून, सरकारी क्वार्टर. आली ती तरातरा स्वयंपाकघरात गेली, सिलिंडर परत पाठवला, शेगडी शेजारणीला देऊन टाकली. मग बापाला समोर बसवलं.

"आप्पा, दिवाळीपर्यंत बघतो. दिवाळीच्या तोंडावर तीन महिन्यांची साखर तपासू. खाली आली तर ऱ्हावा हितं. न्हाय आली तर घराला कुलूप लावायचं आन् माझ्यासंगं कॅम्पात चलायचं. तवा रुसायचं न्हाय."

आमच्याकडं बायकाही 'बघतो, येतो' असंच म्हणतात, पुण्याच्या माणसानं दचकू नये. ती गेल्यावर आप्पा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मास्तरीणबाई, मला न्हाय गं जायचं."

"मग गोड सोडा."

"ते बी न्हाय जमायचं. पंच्याहत्तरी गाठली, आता जीभ बदलून घेऊ काय?"

म्हणजे प्रश्न सरळ होता. चूल नाही, माझी कांदालसणाची शेगडी त्यांना चालणार नाही, साखर नाही, आणि गोडाशिवाय माणूस जगत नाही. जेवणाची अडचण नव्हती, बस्तीमागच्या एका बाईंकडून दोन वेळचा डबा यायचा, संध्याकाळचा दिवस मावळायच्या आत, त्यांच्या रिवाजाप्रमाणं. अडचण जेवणानंतरची होती.

मला दया आली. बचत गटाच्या प्रदर्शनातून मी त्यांच्यासाठी पौष्टिक लाडवांचा डबा आणला. साखर नाही, न भाजता, न तळता, अगदी हवं तसं. आप्पांनी डबा उघडलासुद्धा नाही. झाकणावरून नाक फिरवलं.

"मध."

"असंल थोडा."

"आन् अंजीर."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जैन मध खात नाहीत, तो माश्यांच्या तोंडचा घास, त्यात किती जीव जातात. आणि अंजीर त्या वर्ज्य पाच फळांतलं, पोटात किडे असतात म्हणून. दोन वर्षं ह्या घरात राहून मला हे ठाऊक नसावं! पण आप्पांनी डबा माझ्याच हातात परत दिला आणि म्हणाले, "तू खा. वास चांगला हाय. पर मला एक सांग, हे बिनचुलीचं गोड करत्यात कसं? तुझ्या फोनात दिसतंय म्हणं."

तिथून सगळं सुरू झालं.

रोज शाळा सुटली की आम्ही ओसरीवर बसायचो आणि मी फोनवर पाककृती लावायची. छान छान बायका, छान छान वाट्या. आणि प्रत्येकीचं पहिलं वाक्य, "दोन चमचे मध घ्या." आप्पा म्हणायचे, "फुडं." दुसरी म्हणायची, "अंजीर रात्रभर भिजवा." "फुडं." एक बाई हसत हसत म्हणाली, ह्यात काय घातलंय ते मुलांना कळणारही नाही. आप्पा तिच्यावरच चवताळले, "पोरास्नी न कळूंदे, भगवंताला कळंल की गं!" शेवटी आप्पांनी फोन उलटा ठेवला आणि जाहीर केलं की जगानं जैनांसाठी काही करून ठेवलेलं नाही, आता आपणच करायचं.

गच्चीवर एक जुना पत्रा होता. आप्पांनी तो घासूनपुसून चकचकीत केला. पावसानं उघडीप दिली की त्याच्यावर उन्हात तीळ, शेंगदाणे, जवस, खोबऱ्याचा कीस, सगळं पसरायचं. ही त्यांची चूल. "सूर्याचा सिलिंडर संपत न्हाय आन् लेक काढून नेत न्हाय," असं वर म्हणायचे. तासातासाला जिना चढायचे, मूठभर दाणे नाकाशी धरायचे, आणि खाली येऊन मला सांगायचे, "आजून कच्चा बोलतोय." दाणे त्यांच्याशी बोलायचे. माझी तक्रार नाही, माझ्याशी शाळेचे हेडमास्तरसुद्धा धड बोलत नव्हते.

पण सुरुवातीला आप्पांनी ती चूक केली, जी पौष्टिक खाणारे सगळेच करतात. साखर नाही ना? मग कितीही खा! काकवी घालून फुटाण्याच्या डाळीचे लाडू केले, खजूर कुटून वड्या केल्या, आणि सकाळपासून चरायला सुरुवात. दर्शनाला जाताना एक, येताना एक, पेपर वाचताना दोन. मी म्हटलं, "आप्पा, काकवी म्हंजे उसाचाच रस की." तर म्हणे, "ऊस येगळा, साखर येगळी. तुला इज्ञान येत न्हाय." पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर कानडी माणूस, एरवी शांत. त्यांनी बोटातल्या थेंबाचा आकडा बघितला आणि अर्धं कानडीत अर्धं मराठीत असे ओरडले की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. खजूर झाडाला लागतो म्हणून ती साखर नाही काय? गूळ काय औषध आहे? आप्पा मान खाली घालून ऐकत होते. परत येताना रिक्षा बस्तीजवळ आल्यावर म्हणाले, "थांबीव. मी म्हाराजास्नी भेटून येतो."

चातुर्मास चालू होता आणि त्या वर्षी एक मुनिमहाराज बस्तीत मुक्कामाला होते. चातुर्मासात लोक महाराजांसमोर काहीतरी नियम घेतात. कुणी बटाटा सोडतो, कुणी चप्पल, एका सूनबाईनं मोबाईल सोडला होता आणि तिची सासू पेढे वाटत फिरत होती. नियम एकदा घेतला की मोडायचा नाही, प्राण गेला तरी. आप्पा नियम घेऊन आले ते मोठ्या खुशीत.

"आदी अतिथी, मग मी. घरात आलेल्या पाव्हण्यानं गोड खाल्ल्याबिगर मी खायचं न्हाय. एका पाव्हण्यामागं माझा एक घास. दिवस मावळायच्या आत."

त्यांच्या धर्मात ही जुनीच रीत आहे, दारी आलेल्याला आधी द्यायचं. आप्पांचा हिशेब असा की, आपल्या घराला पाहुण्यांचा काय तोटा! मी म्हटलं, "मी हाय की रोज."

"तू न्हाय चालत. तू घरची. घरच्या माणसानं चव बघायची आन् गप बसायचं."

गप्प बसणं मला जमणारं नव्हतं, पण चव मी बघितली. सांगते ना, वाईट गोड! आप्पांच्या डोक्यात कुंदा बसलेला. दूध आटवायचं तर चूल नाही. मग त्यांनी दही टांगून चक्का केला, त्यात रंगाला खजूर कुटून घातला, वेलदोडा घातला, आणि वाटी माझ्यापुढं धरली.

"कसा झालाय कुंदा?"

"आप्पा, हा कुंदा न्हाय."

"मग काय हाय?"

"श्रीखंडाची आजारी भैण."

त्यांना राग आला. दोन दिवस मला मास्तरीणबाई न म्हणता नुसतं 'ओ वरच्या' म्हणाले. पण गल्लीनं माझीच री ओढली. शेजारचे निवृत्त हवालदार, ज्यांचं सकाळसंध्याकाळ आप्पांकडं बसणं असायचं, ते तो कुंदा खाल्ल्यापासून मागच्या बोळानं ये-जा करू लागले. डबा देणाऱ्या बाई डबा खिडकीतून आत सरकवून पळायच्या. आठवड्याभरात आप्पांच्या दारावरून कुत्रंसुद्धा सावकाश जाईना. दिवस मावळायला आला की आप्पा ताटली घेऊन उंबऱ्यावर उभे, आणि गल्ली रिकामी. पाहुणा नाही म्हणून घास नाही. पोटचं मूल हरवल्यासारखे ते त्या ताटलीकडं बघायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

अशाच एका संध्याकाळी लाईटचं मीटर वाचायला माणूस आला. आप्पांनी त्याला अक्षरशः हाताला धरून आत आणला. त्या दिवशी करदंट केला होता. करदंट म्हणजे डिंक, सुका मेवा आणि गुळाची वडी, मूळ गोकाकची. डिंक तुपात तळून फुलवावा लागतो. आप्पांकडं तळायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी तो तसाच, कच्चा, कुटून घातला होता. आणि तो मीटरवाला नेमका गोकाकचा निघाला!

त्यानं मोठ्या प्रेमानं वडी तोंडात टाकली. चावला. आणि थांबला. वरचा जबडा खालच्याला चिकटला होता. तो आप्पांकडं बघतोय, आप्पा त्याच्याकडं. बाहेर ऊन भिंतीवरून वर वर सरकतंय. आता पाहुण्यानं घास गिळल्याशिवाय त्यानं खाल्लं असं होत नाही, आणि ऊन गेलं की आप्पांना खाता येत नाही. आप्पांचे डोळे एकदा उन्हाकडं, एकदा त्याच्या जबड्याकडं.

"गिळ की रं बाबा, गिळ."

"म्म्म्."

"मास्तरीणबाई, पाणी! पाणी आण गं!"

मी तांब्या आणला. त्यानं पाणी प्यायचा प्रयत्न केला ते शर्टावर सांडलं. अखेर कसाबसा त्यानं तो गोळा आत ढकलला, दीर्घ श्वास घेतला आणि कानडीत इतकंच म्हणाला, "इदु करदंटु अल्लरी." हा करदंट नव्हे. तोवर बस्तीच्या कळसावरचं ऊन गेलं होतं. आप्पांनी ताटली झाकून ठेवली. मी जिन्यात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. पुढच्या महिन्यापासून मीटर वाचायला दुसराच माणूस यायला लागला.

पण ह्या सगळ्यातून काय झालं, तर साखर उतरली! महिन्याभरानं डॉक्टरांनी बोटाचा थेंब बघितला आणि विचारलं, "अप्पाजी, काय पथ्य केलंत?" आप्पा छताकडं बघायला लागले. मी म्हटलं, "त्यांच्या हाताला चव न्हाय, डॉक्टर." डॉक्टर म्हणाले, ती तशीच राहू दे.

ती तशी राहिली नाही, हीच तर पंचाईत. माणूस चिवट. काकवी सोडली, खजूर अगदी नावाला ठेवला. मग लाडू वळेनात, हातातच भुगा व्हायचा. कितीतरी दिवस त्या भुग्याशी झटापट चालली होती. एके दिवशी उन्हातले दाणे गरम गरमच खलबत्त्यात घातले आणि रागारागानं कुटत बसले, थांबलेच नाहीत. कुटता कुटता दाण्याला त्याचंच तेल सुटलं. त्यात फुटाण्याच्या डाळीचं पीठ, भाजल्यासारखा झालेला तीळ, वेलदोडा. मुठीत दाबलं तर लाडू वळला. मला हाक मारली ती वडगावपर्यंत ऐकू गेली असेल. मी खाल्ला. दुसरा मागितला. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी हात पुढं केला. आप्पांना पुढचं काही विचारावं लागलं नाही.

झालं! गल्लीला वास लागला. हवालदार पुढच्या दारानं यायला लागले. डबेवाल्या बाई डबा देऊन बसायला लागल्या, मग त्यांची जाऊ, मग जावेची माहेरची माणसं. आमच्या शाळेतल्या बायकाही "तुमच्या आप्पांना बघायचंय" म्हणून आल्या. आप्पांचा चेहरा फुललेला. एका पाहुण्यामागं एक घास! नियम कुठं मोडत होता? नवरात्रातल्या एका दिवशी मी घरी आले तर ओसरीवर चपलांचा ढीग, आणि आत आप्पा मधोमध बसलेले, हनुवटीला दाण्याचा कूट. हवालदार बोटांवर पाहुणे मोजत होते.

सगळे गेल्यावर मी बोटाचा थेंब काढायचं यंत्र आणलं. आकडा बघून माझं डोकंच फिरलं. माझा आवाज मोठा आहे हे सांगितलंच आहे. मी म्हटलं, "करा! खावा! लेक येईल दिवाळीला पिशवी घिऊन, मग बसा कॅम्पात भिंतीकडं बघत! मला काय, दुसरी खोली मिळंल मला!" असं बरंच बोलले. बोलता बोलता मलाच रडू आलं, कारण दुसरी खोली मला नको होती. आप्पांनी ऐकून घेतलं. मग टोपी घातली, आणि बस्तीत गेले.

परत आले तेव्हा म्हणाले, "नियम सैल करता येत न्हाय. आवळता येतोय. म्हाराजांम्होरं आवळून आलो. पाव्हणे किती का येईनात, दिवसाला माझा एकच घास."

त्यानंतरचे दिवस मोठे कठीण गेले. लाडू चांगला जमलेला, माणसं येतच होती, आणि आप्पा दिवसभर वळत होते, वाटत होते, आणि स्वतः घास मोजत नव्हते कारण मोजायला एकच होता. तो एकच घास ते संध्याकाळी घ्यायचे, ऊन कळसावर असताना, डोळे मिटून. तोवर बिचारे नाकानं जगायचे. कधी कधी मला म्हणायचे, "तोंडाला लई पाणी सुटतंय गं." मी म्हणायची, "सुटू दे." पण मनात धाकधूक होतीच. तीन महिन्यांची साखर म्हणजे मागचं सगळं खाल्लेलं बोलतं. नवरात्रातला तो गोंधळ त्यात येणारच. रोज सकाळी आप्पा बस्तीभोवती फेऱ्या मारायचे, गोळी चुकवत नव्हते, आणि दिवाळी जवळ येत होती.

मुलगी आली. रक्त दोन दिवसांपूर्वी देऊन झालं होतं, डॉक्टरांना फोन करायचा बाकी होता. तिच्या हातात एक मोठी रिकामी पिशवी होती. कपड्यांसाठी. ती तिनं दाराआड ठेवली, पण आम्हा दोघांनाही दिसली. आप्पांनी लाडवाची ताटली पुढं केली.

"आदी फोन लावतो, आप्पा," ती म्हणाली. तिनं फोन मोठ्यानं ऐकू येईल असा ओट्यावर ठेवला, जिथं पूर्वी शेगडी असायची.

डॉक्टर पलीकडं काहीतरी शोधत होते. "हां," ते म्हणाले. "उतरलीय. चांगली उतरलीय. गोळी हीच ठेवा, चालणं सोडू नका."

"मग... हितं एकटं ऱ्हाऊ दे त्यास्नी?"

"राहू द्या की! काय झालंय त्यांना? गॅस तेवढा देऊ नका."

माझा जीव भांड्यात पडला. आप्पा खाली बसले, ओट्याला टेकून. मुलीनं ताटलीतला लाडू उचलला, उभ्या उभ्याच खाल्ला, मग दुसरा खाल्ला. "लई चांगला झालाय, आप्पा," म्हणाली, आणि वाळत घातलेले कपडे काढते म्हणून गच्चीवर गेली. गच्चीवर कपडे नव्हते. मी तिच्या मागोमाग गेले.

ती पत्र्याजवळ बसून रडत होती. मला बघून तिनं डोळे पुसले नाहीत.

"लई बरं झालं गं," ती म्हणाली. "मी त्यास्नी नेऊन ठेवणार कुटं व्हतो? दोन खोल्या. भाईरच्या खोलीत सासूबाईंचा पलंग, त्या उठत न्हाईत. आतल्या खोलीत आमी आन् पोरं. पर एकट्या बापाला सोडलं तर लोक काय म्हणतील, आन् त्या गॅसनं काय झालं असतं तर? रातच्याला झोप लागत नव्हती. पिशवी भरायला आणली खरी, पर एसटीत बसून सगळी वाट म्हणत आलो, देवा, साखर उतरूंदे, साखर उतरूंदे."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुपारच्या गाडीनं ती गेली. आप्पा तिला कोपऱ्यापर्यंत सोडून ओसरीवर येऊन बसले, मी तिला स्टँडवर गाडीत बसवून आले. ताटलीत लाडू होते, आज लेकीच्या रूपानं पाहुणीही खाऊन गेली होती, पण त्यांनी हात लावला नाही.

"गेली काय बसून?"

"गेली. जागा मिळाली खिडकीजवळ."

"बरं झालं." त्यांनी ताटली जरा बाजूला सारली. "मास्तरीणबाई, उन्हाळ्यात मी चार दिवस गेलतो तिच्याकडं. तुला ठावं हाय न्हवं?"

"व्हय."

"तिथं मला आतली खोली दिली त्यांनी. आन् जावयबापू जिन्याखाली झोपलं, सतरंजी टाकून. मला वाटलं पाणी प्यायला उठलाय, बघतो तर तिथं डास मारत पडलाय. काय बोलला न्हाय बिचारा." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिच्याकडं जागा न्हाय गं. या म्हणाय जागा न्हाय, आन् नको म्हणाय तोंड न्हाय तिला. लेकीवर ती पाळी आणायची न्हवती मला. माझ्या आकड्यानंच ती सुटली तर बरं, म्हणून तोंड बांधलं."

मला वाटत होतं ते घरासाठी, बस्तीसाठी, गल्लीसाठी झटतायत. तेही खरं असेल. मी ताटली त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी मान हलवली.

"तू वर जा आता," ते म्हणाले. "मला जरा रडू दे."

मी वर गेले. दार लावलं आणि मीही रडले, पोटभर, आणि फार बरं वाटलं.